दिसतो तेवढाच रस्ता आपला: गोव्यात नव्याने दुचाकी चालवणाऱ्यांसाठी

वेर्ण्याला किंवा कुंडईला नोकरी लागते, खोली मिळते पाच-सात किलोमीटरवर, आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की तिन्हीसांजेनंतर आतल्या गावाला जाणारी बस मिळेलच याचा भरवसा नाही. मग महिन्या-दोन महिन्यांत दुचाकी दारात येते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून गोव्यात आलेल्या बहुतेकांचं असंच होतं. इथं दुचाकीवाचून अडतं.

हा लेख गाडी चालवता येते पण इथले रस्ते माहीत नाहीत, अशा माणसासाठी आहे. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांनी तर आधी वाचावा. शहरातल्या गर्दीत धोका सतत डोळ्यांसमोर असतो, म्हणून माणूस आपोआप सावध राहतो. इथं सकाळच्या वेळी रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना माड, हवेत गारवा, आणि धोका असतो वळणापलीकडे. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी एकच नियम आहे: जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. वळण असो, पाऊस असो की रात्र, वेग किती ठेवायचा याचं उत्तर त्यातूनच निघतं.

आधी गाडी आणि हेल्मेट

गाडी स्वतःची असो की भाड्याची, पहिल्यांदा सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहा. टेकत नसतील तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या, कारण इथल्या उतारावरच्या तिठ्यांवर थांबताना तोल जाईल. मग टायर. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. ब्रेकचे दोन्ही लिव्हर दाबून पाहा, इंडिकेटर, मागचा लाल दिवा आणि ब्रेक लावल्यावर तो उजळतो का तेही. आरसे काढून टाकलेल्या गाड्या इथं बऱ्याच दिसतात. त्यात शोभा काय आहे ते मला कधीच कळलं नाही.

भाड्याने घेत असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला की विम्याचा वाद तुमच्या गळ्यात पडतो. गाडीसोबत मिळणारं हेल्मेट बहुधा कुणाच्याच डोक्याला नीट न बसणारं असतं. शक्य असेल तर स्वतःचं न्या.

हेल्मेट घेताना आयएसआयची खूण आणि शेजारी आयएस ४१५१ हा आकडा पाहा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी ही खूण नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही, पण रस्त्याकडेला टोपीसारखी विकली जाणारी अजून दिसतात. दुकानात घालून पट्टा लावा, मागच्या बाजूने वर ओढून पाहा. पुढे सरकून निघत असेल तर ते पडताना डोक्यावर राहणार नाही. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं शिरतील एवढीच जागा ठेवा. काच पारदर्शक घ्या. काळी काच दुपारी बरी वाटते आणि संध्याकाळी सातला तुम्ही अर्धे आंधळे होता. चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं आहे. अर्थात पट्टा लावलेला असेल तर. कोपरावर अडकवलेलं हेल्मेट कोपरच वाचवेल.

कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. विनाहेल्मेटला १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला घेऊन जाताना त्याच्या मापाचं हेल्मेट, त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची कमाल मर्यादा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. पाळणारे फार दिसत नाहीत. पोर पुढच्या पायरीवर उभं करून शाळेत सोडायला जाणारे मात्र रोज दिसतात.

रस्त्यावर जाण्याआधी ब्रेक शिका

ही पायरी सगळेच गाळतात. गावातल्या फुटबॉलच्या मैदानाशेजारची डांबरी जागा, रविवारी मोकळा असलेला वसाहतीतला रस्ता, असं काहीतरी शोधा. ताशी २० ने जा आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत लावा. मग ३०, मग ४०. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती लहानपणापासून घातलेली असते, “पुढचा लावलास तर उलटशील” म्हणून. खरं तर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं. पाडतो तो झटका. लिव्हर एकदम आवळला, किंवा हँडल वळलेलं असताना आवळला, की चाक अडकतं. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, ते चाक अडकू देत नाही. छोट्या स्कूटरला सहसा सीबीएस असतं. त्यात एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक अडकणारच नाही याची हमी ते देत नाही.

आता थोडा हिशेब, कारण याशिवाय वर सांगितलेला नियम नुसता उपदेश वाटेल. समोर काहीतरी दिसल्यापासून हात ब्रेकवर जोर देईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ४० वर त्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते आणि पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, थांबायला सुमारे १० मीटर घेते. एकूण २१ मीटर. ताशी ६० वर त्याच सेकंदात १७ मीटर जातात आणि थांबायला आणखी २३ लागतात, म्हणजे ४० मीटर. याचाच दुसरा अर्थ असा की ४० ने येणारा ज्या जागी थांबलेला असतो, त्या जागी ६० ने येणाऱ्याचा वेग अजून ५० च्या वरच असतो. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात.

गावातले रस्ते

पहिला महिनाभर शक्य तेवढं इथंच चालवा. पण हायवेपेक्षा गावातला रस्ता सोपा असतो, या समजुतीत राहू नका.

गोव्यातल्या जुन्या गावांचे रस्ते पायवाटेचे, बैलगाडीच्या वाटेचे रुंद केलेले आहेत. चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, थेट डांबराला भिडलेला असतो आणि वळणावर तोच तुमची नजर अडवतो. अशा वळणावर पलीकडचे आठ-दहा मीटरसुद्धा दिसत नाहीत. काही ठिकाणी पंचायतीने गोल आरसे लावलेत; त्यात पाहा, पण त्यावर विसंबू नका, निम्म्या आरशांवर धूळ आणि वेली असतात. पलीकडून काय येऊ शकतं? शाळेची बस, पाण्याचा टँकर, अख्खा रस्ता व्यापून येणारी भाड्याची जीप. सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरचा पोदेर, मागे पावांची टोपली आणि हातात भोंगा. त्याचा पोंक-पोंक आवाज ऐकला की वेग कमी करा, कारण तो दर दहा घरांनी थांबतो आणि त्याला गाठायला गेटातून कुणीतरी धावत बाहेर येतंच.

वळण घ्यायची पद्धत अशी. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. एकदा गाडी झुकवली की ब्रेकला हात लावायची वेळ येऊ नये. डावीकडच्या वळणावर आपल्या भागात थोडे मधल्या रेषेकडे राहा म्हणजे पलीकडचं लवकर दिसेल, पण समोरून कुणी आलं की डोकं आणि हँडल रेषेबाहेर जाता कामा नये. उजवीकडच्या वळणावर डाव्या कडेकडे, मात्र कडेची खडी आणि वाळू टाळून. कळंगुट, हणजूण, मोरजी, हरमल किंवा दक्षिणेला कोलवा, बाणावली या किनारपट्टीत कडेला साचलेली बारीक वाळू डोळ्यांना दिसत नाही. चाक सरकल्यावरच कळते. आणि नजर: ज्या दिशेला जायचं तिकडे ठेवा. घाबरलेला माणूस गडग्याकडे बघत राहतो आणि गाडी बरोबर गडग्यावर जाते, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात.

समोरून येणाऱ्याला आपण येतोय हे कळावं म्हणून अशा वळणांवर एकदा हॉर्न द्यावा. शहरातून आलेल्या सुशिक्षितांना हे गावंढळ वाटतं. द्या.

आणखी एक. चर्चमधली प्रार्थना सुटायची वेळ, शाळा सुटायची वेळ, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चतुर्थीचे दिवस: या वेळी त्या त्या रस्त्यावर माणसं गाडीचा विचार करून चालत नसतात. तिथं ताशी २० पुरे.

हायवे, तिठे आणि मोठ्या गाड्या

पत्रादेवीपासून पोळेपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्याला उभा छेदून जातो, आणि पणजीहून फोंड्यामार्गे अनमोडकडे ७४८ जातो. नोकरीनिमित्त यातल्या एकावर तरी तुम्हाला रोज जावं लागेल. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. पर्वरीकडून येताना नव्या माणसाची फाट्यावर गडबड होते. चुकून वर चढायला लागलात तर मागे वळून उलट्या दिशेने येऊ नका. सावकाश पलीकडे उतरा, दंड झाला तर भरा.

१९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरात झालेल्या ९०० मोटारसायकल अपघातांची त्यांच्या चमूने जागेवर जाऊन पाहणी केली होती. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते, आणि त्यातल्या दोन तृतीयांश वेळा समोरचा चालक मोटारसायकलीच्या आडवा आला होता. बहुतेकांनी सांगितलं, दुचाकी दिसलीच नाही. देश वेगळा, काळ वेगळा, पण गिरी किंवा वेर्ण्याच्या तिठ्यावर पाच मिनिटं उभे राहिलात तर हेच घडताना दिसेल. कारवाल्याची नजर कार आणि ट्रक शोधत असते. शिवाय बारीक दिव्याची दुचाकी किती वेगाने येते याचा अंदाज त्याला येत नाही.

म्हणून तिठ्यावर जाताना समोरच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहा. चालक तुमच्याकडे बघतोय असं वाटलं तरी त्याने तुम्हाला पाहिलं असेलच असं नाही. चाक फिरायला लागलं की मात्र तो निघाला. दोन बोटं आधीच ब्रेकवर असू द्या, तो एक सेकंद थोडा कमी होतो.

ट्रक आणि बसच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, ही गोष्ट कुठेही खरी आहे, इथं जास्त. खासगी मिनीबस प्रवासी दिसला की थांबते, मग स्टॉप असो वा नसो, आणि दार डावीकडेच उघडतं. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. डिचोली, साखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात खनिजाची वाहतूक चालू असते तेव्हा रस्त्यावर सांडलेली लाल भुकटी कोरडी असताना डोळ्यांत जाते आणि ओली झाली की त्याचा गुळगुळीत चिखल होतो. तिथं ट्रकच्या मागे मुकाट्याने लांब राहा.

पावसाळा

जून आला की वर लिहिलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं.

पहिल्या एक-दोन सरी सर्वांत वाईट. आठ महिन्यांचं तेल, धूळ, टायरचं रबर पाण्यावर तरंगून वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं. त्या दिवशी जमलं तर पहिला अर्धा तास कुठंतरी थांबून चहा घ्या. पुढे जोरदार पाऊस रस्ता धुऊन काढतो, पण जुलैपर्यंत सावलीतल्या आतल्या रस्त्यांच्या कडांना शेवाळ धरतं. रस्त्याच्या मध्यावरची पांढरी पट्टी, चौकातले पेव्हर ब्लॉक, पुलांच्या सांध्यावरच्या आणि कामाच्या जागी टाकलेल्या लोखंडी पट्ट्या: हे सगळं ओलं असताना सरळ गाडीने, ब्रेक न लावता, हँडल न फिरवता पार करायचं. पाणी साचलेला खड्डा किती खोल ते वरून कळत नाही. पुढची गाडी त्यातून कशी उसळते ते पाहा, आणि ते पाहता येईल एवढं अंतर ठेवा.

फेरीबोट हे प्रकरण वेगळं आहे. दिवाडी, चोडण, केरी-तेरेखोल अशा ठिकाणी रोजची माणसं डोळे झाकून गाडी चढवतात, ते पाहून नवा माणूस तसंच करायला जातो. धक्क्याचा उतार ओहोटीला जास्त उघडा पडतो आणि खालच्या टोकाला हिरवा, बुळबुळीत थर असतो. मागच्याला आधी उतरवा. पुढची गाडी बोटीत पूर्ण शिरेपर्यंत उतारावर पाय ठेवू नका, नाहीतर मध्येच थांबावं लागेल. पहिल्या गियरमध्ये, पुढच्या ब्रेकला न आवळता, दोन्ही पाय खाली ठेवून सावकाश. बोटीची लोखंडी फळी ओलांडताना हँडल सरळच हवं. आत गेल्यावर गाडी गियरमध्ये ठेवून स्टँडवर लावा आणि धरून उभे राहा.

रेनकोटची लोंबती टोकं, ओढणी, साडीचा पदर बसण्याआधी आवळून घ्या. चाकात गेलेलं कापड सोडवायला वेळ मिळत नाही. आणि मागे बसून छत्री उघडणारी मंडळी आपल्या कोकण-गोव्यात अजून आहेत. वाऱ्याने छत्री उलटली की चालवणाऱ्याचा तोल आणि नजर दोन्ही जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणं अवघड असतं, पण सांगावं लागेल.

चोर्ला आणि करमळ घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. डिपरच ठेवा आणि मधे फोटोसाठी गाडी रस्त्याकडेला लावू नका.

रात्र, गुरं आणि उर्राक

रात्री हेडलाइटचा डिपर साधारण तीस-चाळीस मीटर उजेड टाकतो. वरचा हिशेब आठवा: ६० वर थांबायलाच ४० मीटर लागतात. म्हणजे काळोख्या रस्त्यावर ५० च्या वर गेलात की तुम्ही न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवताय.

आणि त्या न दिसणाऱ्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात. पावसाळ्यात शेतं ओली, म्हणून मोकाट गुरं कोरड्या, उबदार डांबरावर येऊन रवंथ करत बसतात, कधी थेट दुभाजकाला लागून. काळी म्हैस समोर येईपर्यंत दिसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांखाली रस्त्यावर एखादा आकार मधेच काळा पडला तर तिथं काहीतरी आहे असं समजून वेग कमी करा. एक गाय ओलांडलीत की दुसरी जवळपास असतेच.

दारूबद्दल गोव्यात वेगळं लिहावं लागतं, कारण ती स्वस्त आहे, जवळ आहे आणि जेवणाचा भागच मानली जाते. मार्च ते मे उर्राकचे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून काढलेल्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस. लिंबूसोडा घालून उन्हात घेतलेली उर्राक सरबतासारखी लागते आणि माणूस “ही काय दारू आहे का” म्हणत तिसरा पेला भरतो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ओलांडली तर पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाच्या कितीतरी आधी ब्रेकचा तो एक सेकंद दीड-दोन होतो. जायच्या आधीच परतीचं ठरवा. दिवसा पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, मिळतो, रात्री तो मिळेलच असं नाही, तेव्हा टॅक्सी सांगून ठेवा किंवा तिथंच झोपा. यजमानाला वाईट वाटत नाही.

पडलात, किंवा कुणी पडलेला दिसला तर

आधी रस्त्यावरून बाजूला व्हा, मागून येणाऱ्यांना दिवा दाखवून सावध करा, मग १०८ किंवा ११२. जागा सांगताना गाव, वाडा, जवळचं देऊळ, चर्च किंवा खुरीस (क्रूस) सांगा. नुसतं “हायवेवर” म्हटलं तर रुग्णवाहिका शोधत बसते. जखमीला उचलून स्कूटरवर मधे बसवून नेऊ नका, मानेला इजा असेल तर ती वाढते. तो श्वास घेत असेल तर हेल्मेटही काढू नका. श्वास थांबला असेल तरच, एकाने मान आणि डोकं स्थिर धरून, दुसऱ्याने काढायचं. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. डोक्याला जबर मार असेल तर पुढे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजलाच न्यावं लागण्याची शक्यता जास्त.

मदत केली म्हणून पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता ठेवू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, विनारोकड उपचाराची केंद्राची योजनाही आहे. धडक देणारा पळून गेला असेल तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई मिळते, त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच.

विमा घेताना मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच आहे ना ते पाहा. ते फक्त गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच लागू होतं. मित्राची गाडी मागून नेलीत तर ते तुम्हाला नाही, म्हणून रोज दुसऱ्याची गाडी वापरणाऱ्याने स्वतःचा वेगळा अपघात विमा काढावा. अपघातानंतर गाडी हलवण्याआधी फोटो घ्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

किरकोळ पडलात, खरचटण्यावर निभावलं, तरी लगेच गाडीवर बसून निघू नका. हँडल सरळ आहे का, लिव्हर वाकलाय का, पुढचं चाक मोकळं फिरतंय का ते पाहा. घरी गेल्यावर दोन दिवस डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी वाटते का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. वाटली तर थेट हॉस्पिटल. आणि डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदला. बाहेरून तडा दिसत नसला तरी आतला थर्मोकोलचा थर दबलेला असतो, तो दुसऱ्यांदा काम करत नाही. जुनं टाकताना त्याचा पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ते उचलून वापरणार नाही.